तार आणि तारतम्य

'बिनतारी' हा शब्द मराठीत रुळला तेव्हा तारेचा दरारा मोठा होता. दारात तारवाला दिसला की घरात आधी रडारड होई आणि मग तार वाचली जाई. अशा काळात तारेवाचून संदेश पोहोचवणाऱ्या विद्येला, तिच्यापाशी जे नव्हते त्यावरूनच नाव पडले, यात नवल नाही. पुढे जुलै २०१३ मध्ये आपल्याकडची तारसेवा कायमची बंद झाली. तोवर 'बिनतारी' आंतरजाल अनेक घरांत येऊन बसले होते. पण या शब्दात एक लबाडी राहून गेली आहे. घरातले आंतरजाल बिनतारी असते ते शेवटचे पाच-दहा मीटर. त्याआधीचा बहुतेक सारा प्रवास, समुद्राच्या तळापासून जिन्यातल्या पेटीपर्यंत, तारेतून किंवा काचेच्या तंतूतून झालेला असतो. तेव्हा 'आमचे नेट फार मंद चालते' ही तक्रार कोणी केली, तर ती तारेविषयी आहे की त्या शेवटच्या पाच-दहा मीटरांविषयी, हे आधी ठरवावे लागते. आमच्या घरी ते ठरवताना घराविषयी आणि शेजाराविषयी जे हाती लागले, ते वेगाच्या आकड्यांपेक्षा मोलाचे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही पिंपरीत, मासुळकर कॉलनीत राहतो. इमारत जुनी, विटांच्या जाड भिंतींची. इथल्या घरांचे घड्याळ अजूनही कारखान्यांच्या पाळ्यांवर चालते. कंपनीच्या माणसाने काचतंतूची तार गॅलरीतून आत आणली आणि ती जिथे संपली तिथेच, बाहेरच्या खोलीत दूरचित्रवाणी संचाशेजारी, राउटर बसवला. करार सेकंदाला १०० मेगाबिटचा. (हे बिट, बाइट नव्हेत; दोहोंत आठपटींचा फरक आहे, हे जाहिरात वाचताना ध्यानात असू द्यावे.) लेक बारावीला. रात्री नऊनंतर ती आतल्या खोलीत सीईटीच्या सराव चाचण्या सोडवायला बसे आणि दर दोन-तीन चाचण्यांमागे एक अर्ध्यावर तुटे. कंपनीला फोन केला की उत्तर येई, "मॅडम, आमच्या बाजूने स्पीड पूर्ण दिसतोय." घरातल्या वडीलधाऱ्यांचा निवाडा त्याहून सोपा होता: "पोरीचंच लक्ष नाही. आधी तो मोबाइल काढून घ्या." थोडक्यात, आरोपी दोन होते, एक कंपनी आणि एक मुलगी, आणि चौकशी कोणाचीच झाली नव्हती.

ती चौकशी कशी करावी हे सांगितले आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी. त्यांची उभी हयात एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात गेली. आंतरजालाशी त्यांचा संबंध नातवाशी बोलण्यापुरता. ते म्हणाले, "मॅडम, मशीन बंद पडलं की आम्ही आधी ऑपरेटरला बोल लावत नव्हतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि वहीत लिहायचं." मराठीच्या अध्यापकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. पाठचिकित्सा करताना आपण तेच करतो. निरनिराळ्या पोथ्यांतले पाठ पडताळायचे तर त्यांतली एक पोथी आधाराला धरावी लागते आणि बाकीच्या तिच्याशी ताडून पाहाव्या लागतात. इथे तार ही ती आधारपोथी. गंमत अशी, की 'तारतम्य' या शब्दाचा तारेशी काडीचा संबंध नाही. तो संस्कृतातल्या 'तर' आणि 'तम' या प्रत्ययांपासून आलेला, म्हणजे लघुतर-लघुतम यांतले तर-तम. तुलना हाच त्याचा मूळ अर्थ. पण तार जोडल्यावाचून इथे तारतम्य येत नाही, हे खरे.

वही घेतली. प्रथम घरातली बाकी उपकरणे बंद केली, संगणक तारेने थेट राउटरला जोडला, आणि त्याचे वायफाय बंद केले (ते चालू राहिले तर आपण नेमके काय मोजतो आहोत ते कळत नाही). दुपारी तीनला आकडा आला ९४, रात्री साडेनऊलाही ९४. शंभराच्या जोडणीतून शंभर मिळत नाहीत. पत्राबरोबर पाकिटाचे वजनही टपालात धरले जाते, तसे प्रत्येक तुकड्यावरच्या पत्त्याचे ओझे यात धरलेले असते. म्हणजे कंपनी खरे बोलत होती. मग तार काढून त्याच जागी, राउटरपासून हातभर अंतरावर, २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर मोजले. दुपारी ४१, रात्री १३. शेवटी तोच संगणक आतल्या खोलीत नेला. दुपारी १७, रात्री ३. आणि कधी आकडाच नाही. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर राउटरजवळ ८८ मिळाले, पण आतल्या खोलीत तो पट्टा जेमतेम पोहोचत होता. हा पट्टा वेगवान असतो, पण भिंतींपुढे लवकर हरतो.

या आकड्यांतला प्रत्येक फरक एकेका प्रश्नाचे उत्तर आहे. तारेवरचा आकडा दुपारी आणि रात्री सारखाच, म्हणजे दोष बाहेरून येणाऱ्या जोडणीत नाही. राउटरशेजारचा आकडा रात्री पडतो, तेव्हा भिंती तर मध्ये नसतात; म्हणजे तो दोष गर्दीचा. आणि बाहेरच्या खोलीतून आत जाताना जे गळते ते दोन भिंती आणि त्यांना लागून उभे असलेले लोखंडी कपाट यांच्या नावावर. तारेवाचून हे तीन दोष एकमेकांत मिसळलेले राहिले असते, आणि मिसळलेल्या दोषाला माणसे नेहमी जवळचा आरोपी शोधतात.

गर्दीचा दोष नीट समजून घेण्याजोगा आहे. तार आपली एकट्याची असते, हवा तशी नसते. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झाला, ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ मध्ये. परवाना नाही याचा अर्थ हक्कही नाही. गावच्या गायरानासारखी ती सर्वांची जागा आहे. वायफायची उपकरणे मुळात सभ्य असतात. बोलण्याआधी ऐकतात, दुसरे कोणी बोलत असेल तर थांबतात, आणि दोघे एकदम बोलू नयेत म्हणून मध्ये थोडा अनिश्चित वेळ जाऊ देतात. एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचे. रात्री जेवणे आटोपल्यावर मी मोबाइलवर मोजली तेव्हा सत्तावीस जाळी दिसली. २.४ गिगाहर्ट्‌झवर वाहिन्या मोजायला तेरा असल्या तरी एकमेकींना धक्का न लावणाऱ्या तीनच: १, ६ आणि ११. जो चौथीवर बसतो तो पहिलीला आणि सहावीला दोघींनाही त्रास देतो. एकाच वाहिनीवरचे शेजारी निदान एकमेकांना ओळखतात आणि पाळी धरतात. अर्धवट शेजारी एकमेकांचे शब्द समजू शकत नाहीत, फक्त गोंगाट करतात. यावर बाजारात मिळणारा 'बूस्टर' बहुधा तीच हवा वापरून तेच वाक्य दोनदा बोलतो, म्हणजे गर्दी आणखी वाढवतो.

शांततेची किंमत किती असते हे पाहायचे तर फार दूर जायला नको. पिंपरीहून नाशिक रस्त्याने चाकण, राजगुरुनगर, मंचर मागे टाकले की नारायणगावजवळ खोडद येते. तिथे गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांतल्या चौदा मधोमध आणि सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या. ही जागा निवडताना माणसाने निर्माण केलेला रेडिओ गोंगाट तिथे कमी आहे, हेही पाहिले गेले. आकाशातून येणारी अतिक्षीण बिनतारी कुजबुज ऐकणे हेच ज्यांचे काम, त्या तबकड्या ऐकलेले मध्यवर्ती इमारतीत कसे पोहोचवतात? काचतंतूच्या तारेतून. ज्यांना हवेची खरी पारख आहे त्यांनी हवेचे काम हवेला आणि तारेचे काम तारेला दिले आहे.

आम्हीही तेच केले. जे हलत नाही त्याला तार द्यायची, जे हलते त्याच्यासाठी हवा मोकळी ठेवायची. दूरचित्रवाणी संच तारेवर घेतला. पंधरा मीटरची एक तार भिंतीच्या कडेने आतल्या खोलीपर्यंत नेली, आणि तिथे लेकीच्या संगणकाला जोडली. मजल्यावरच्या तिन्ही घरांनी मिळून १, ६ आणि ११ वाटून घेतल्या. पूर्वी नळाची पाळी ठरे तशी. त्या बैठकीला चहासकट वीस मिनिटे लागली. इमारतीतला बाकीचा गलका आहे तसाच आहे, पण निदान आमच्या मजल्याची भर त्यात आता कमी पडते.

तार आत न्यायला मात्र घरात विरोध झाला. भिंतीकडेने गेलेली तार वाईट दिसते, असा मुद्दा होता. तेव्हा एक गोष्ट जाणवली. तार गॅलरीतून येते म्हणून राउटर बाहेरच्या खोलीत बसतो, हे कारण तांत्रिक आहे. पण तो तिथेच राहतो हे तांत्रिक नाही. घरात येणारी प्रत्येक नवी गोष्ट आधी ओसरीवर थांबते आणि माजघरात तिची उरलीसुरली झुळूक जाते. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० साली प्रसिद्ध झालेले पुस्तक आपण वर्गात शिकवतो. पती शिकवायला उत्सुक असतानाही घरातल्या बायकांच्या रोषाला तोंड देत त्या शिकल्या, हे विद्यार्थ्यांना इतिहास म्हणून सांगतो. आमच्या घरात रोष नव्हता, पुस्तक नाकारलेले नव्हते, जोडणीही सर्वांसाठीच होती. फक्त बाहेरच्या खोलीत ती ४१ होती आणि आतल्या खोलीत १७. रात्री १३ आणि ३. सर्वांना दिलेली वस्तू सर्वांपर्यंत किती पोहोचते, हा प्रश्न मोजल्याशिवाय दिसत नाही. आणि न मोजता दिसतो तो फक्त शेवटच्या माणसाचा 'आळस'.

२०२० च्या टाळेबंदीत आपण शिक्षकांनी पडद्यावरच्या काळ्या चौकोनांकडे पाहून कितीतरी निष्कर्ष ऐकले आणि ऐकवले गेलेले पाहिले. त्या चौकोनांमागे कोणती खोली होती, मध्ये किती भिंती होत्या, हवेत किती शेजारी होते, हे कोणाच्याही हजेरीपटात नव्हते. आता तरी विद्यार्थ्याविषयी मत बनवण्याआधी विचारायला हवे, की तू बसतोस कुठे, बसतेस कुठे.

असो. लेकीच्या चाचण्या आता तुटत नाहीत. गुण कधी चांगले येतात, कधी येत नाहीत. पण जे येतात ते तिचे असतात.