खोडदच्या तबकड्या काय टिपतात?

वाचकहो, नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घेऊन तुमच्यापैकी कितीतरी जण जातात. पट्टी हातात पडली की माणूस सरळ घरची वाट धरतो. पुढच्या खेपेला मात्र थोडा वेळ काढा आणि पूर्वेला खोडदकडे वळा. कांद्याच्या वाफ्यांपलीकडे तारेच्या जाळीच्या अवाढव्य तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतील. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेली ही रेडिओ दुर्बीण. तबकड्या तीस, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. एकीच्या तोंडात जवळजवळ सोळा गुंठे रान मावेल! चौदा खोडदजवळ एकत्र आहेत, बाकीच्या सोळा तीन दिशांना शिवाराशिवारांतून पांगलेल्या.

या तबकड्या आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात. त्यांतल्या काही लहरी येतात त्या फार दूरच्या दीर्घिकांतून. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा आणि वायूचा मेळा. आपली आकाशगंगा ही तसलीच एक. बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या मध्यभागी एक प्रचंड कृष्णविवर असते. आपल्याकडचे सुमारे ४० लाख सूर्यांच्या वजनाचे आहे. पण ते सध्या शांत आहे, कारण त्याच्या पानात फारसे काही पडत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढी ओढ असताना भोवतालचा वायू आत का पडत नाही? गोफण आठवा. दगड गरगर फिरतो आहे तोवर दोरी ओढत असली तरी तो हातात येत नाही. वायूचेही तसेच. त्याचे फिरणे मोडेल तेव्हाच तो आत घसरणार.

हे फिरणे मोडायची एक मोठी संधी म्हणजे दोन दीर्घिकांची गाठ पडणे. गंमत अशी, की त्यात तारे एकमेकांवर सहसा आपटत नाहीत. त्यांच्यामधली अंतरे फार मोठी. वायूचे ढग मात्र धडकतात, एकमेकांच्या ओढीने त्यांची चाल बिघडते आणि ते मध्याकडे वाहू लागतात. कृष्णविवराभोवती त्यांची फिरती चकती बनते, घर्षणाने ती भयंकर तापते आणि उजळते. म्हणजे उजेड विवराचा नव्हे, आत पडण्यापूर्वीच्या घासाचा! कधी कधी दोन बाजूंना झोतही सुटतात, त्यांतून रेडिओ लहरी निघतात.

नरतुरंग तारकासमूहातली एक दीर्घिका याचे चांगले उदाहरण आहे. वैशाखाच्या रात्री हा समूह आपल्याला दक्षिणेला, क्षितिजापासून थोडा वर दिसतो. ही दीर्घिका सव्वा कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास दूर आहे. तिने एक लहान दीर्घिका गिळली, त्याची खूण म्हणून धुळीचा काळा पट्टा तिच्या अंगावर आडवा पडला आहे. आतले कृष्णविवर सुमारे साडेपाच कोटी सूर्यांचे, आणि चांगले जागे. डोळ्यांना रेडिओ लहरी दिसत्या, तर तिचा पसारा सोळा पूर्ण चंद्र ओळीने मांडल्याएवढा दिसला असता.

तरीही टकरीमुळेच विवर जागे होते, असे सरसकट म्हणता येत नाही. टक्कर न झालेल्या दीर्घिकांतही जागी विवरे सापडतात. शिवाय मीलन कोट्यवधी वर्षे चालते आणि विवर त्यात मधूनमधूनच पेटते. त्यामुळे कारण आणि परिणाम एकत्र पकडणे अवघड. फार तेजस्वी आणि धुळीआड दडलेल्या विवरांच्या बाबतीत मात्र टकरीचा संबंध अधिक दिसतो. मला या शास्त्रज्ञांचे हे सावध बोलणे आवडते. एका हंगामाच्या पिकावरून वाण चांगले ठरवू नका, हे मीही गावोगाव सांगत आलो आहे.

या लहरी अतिशय क्षीण असतात. विजेच्या तारेवरची ठिणगी, मोबाईल, यांचा गोंगाट त्यांना सहज बुडवतो. म्हणूनच पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा मार्ग आखताना दुर्बिणीचा प्रश्न उभा राहिला. शेतमाल लवकर पोचावा ही आपली गरज खरी आहे. पण रूळ थोडे बाजूने नेता येतात, तीस तबकड्या उचलून नेता येत नाहीत.

२८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरते. मुलांना घेऊन जा, घरधनिणीलाही न्या. आणि तिथे पोचलात की मोबाईल बंद करा.