समोरचा

स्टँड-अपवाला एकटाच उभा असतो, असं लोक म्हणतात. दिसतंही तसंच. एक माईक, पाण्याची बाटली, फार तर एक उंच स्टूल. पण सातारा-सांगली पट्ट्यात गणपती मंडळापासून कॉलेजच्या गॅदरिंगपर्यंत मिळेल तिथं हा धंदा करताना मला एकट्यानं हसवणारा माणूस अजून भेटलेला नाही. विनोदाला अडवणारा लागतो. कुणीतरी "असं कसं?" म्हटल्याशिवाय मूर्खपणा पुढं सरकत नाही.

हे आमच्याकडं तमाशानं फार आधी ओळखलं होतं. गण झाला, गवळण झाली, की वगाच्या आधी बतावणी. सोंगाड्या काहीतरी तिरपागडं बोलतो, दुसरा त्याला हटकतो, सोंगाड्या आणखी तिरका होतो. मागं झीलकरी उभे, तेही मधूनच तोंड घालणार. लिहिलेलं फारसं काही नसतं. गावात शिरल्यावर सरपंच कोण, यात्रेत भांडण कुणाचं झालं, एसटी कुठं बंद पडली, एवढं विचारून घ्यायचं आणि रात्री त्याचंच सोनं करायचं. आज ज्याला 'क्राउड वर्क' म्हणून कार्यशाळेत शिकवतात, ते हेच. फी मात्र तेव्हा नव्हती.

आणि हा मुलूख त्याचाच. तासगाव तालुक्यातल्या सावळजच्या तमासगिरांनी १८६५ साली 'मोहना बटाव' रंगवला. पहिला वग म्हणून त्याचंच नाव घेतात. त्याच्याही आधी, १८४३ साली, विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या दरबारात 'सीतास्वयंवर' केलं. त्या खेळांत सूत्रधारासमोर विदूषक होताच. देवादिकांच्या गोष्टीत शिरायचं, तर आधी एका वेड्यानं शहाण्याला प्रश्न विचारून भंडावलं पाहिजे, ही आपल्या रंगभूमीची अगदी पहिल्या दिवसांची सवय.

पण जोडी म्हटलं की आमच्या भागात एकच नाव येतं, कवलापूरचे काळू-बाळू. सांगलीहून तासगावला जाताना लागतं ते कवलापूर. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. 'जहरी प्याला' वगात त्यांनी काळू-बाळू पोलिसांची सोंगं केली आणि ती इतकी चालली, की खरी नावं मागं पडली. फडसुद्धा त्याच नावानं चालू लागला. मी त्यांचा खेळ हरेक जुन्या माणसाकडून ऐकतो आणि एका गोष्टीवर अडतो. एरवी जोडीत एक लंबू, एक टिंगू. एक जाड, एक काटकुळा. प्रेक्षक बघता क्षणी ठरवतो, की ह्यानं मारायचं आणि त्यानं खायचं. इथं दोघांचा चेहरा एकच. फरक दाखवायचा तो फक्त बोलण्याच्या वेळेत. एक थांबला की दुसरा कधी सुरू होतो, एवढ्याच भांडवलावर हजारो माणसं बसवून धरायची. मला विचाराल तर ह्याच्याइतकं अवघड काम विनोदात दुसरं नाही, आणि त्यावर लिहिलं गेलंय फारच थोडं.

एकट्यानं बसून हसवणारेही आमच्याकडं झाले, नाही असं नाही. आटपाडीकडच्या माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर, त्यांच्यासोबत शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार. गावोगाव कथा सांगत हिंडणारं हे त्रिकूट. मिरासदारांच्या कथेत मात्र ऐकणाऱ्यांचा एक अख्खा पार बसलेला असतो, म्हणजे समोरचा तिथंही आलाच. आणि खटाव तालुक्यातल्या सिद्धेश्वर कुरोलीचे राजा गोसावी! पुण्याच्या भानुविलास टॉकीजच्या खिडकीत बसून या नटानं स्वतःच्याच चित्रपटाची तिकिटं विकली. प्रेक्षकाचा चेहरा इतक्या जवळून, तोही पैसे मोजताना, कुठल्या नटानं पाहिला असेल?

आता माझं सांगतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या सांगली केंद्रावर नोकराच्या, हवालदाराच्या, दारुड्या मामाच्या भूमिका केल्या. तिथं समोर सहनट असायचा. तो उशिरा बोलला तर शिव्या घालता यायच्या. स्टँड-अपमध्ये तो हक्क गेला. समोरचा अंधारात बसलेला, आणि तिकीट काढून आलेला.

माझा सगळ्यात चालणारा मजकूर पुरावर आहे. सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ फुटांत मोजतात. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ साली ते सत्तावन्नच्या वर गेलं. तेव्हापासून प्रत्येकाला आपलं घर कितीला बुडतं हे पाठ आहे. मी एवढंच म्हणतो, "सांगलीत स्थळ बघायला गेलं, की पगार नंतर विचारतात. आधी विचारतात, घर कितव्या फुटाला?" आणि गप्प उभा राहतो. मग अंधारातून आकडे यायला लागतात. "त्रेचाळीस!" "आमचं एकावन्न!" एकावन्नवाल्याकडं बघून त्रेचाळीसवाला म्हणतो, "मग काय, बंगलाच की लका!" ह्यातलं मी काहीच लिहिलेलं नाही. सांगली स्वतःची बतावणी करत असते, मी झीलकरी.

हाच मजकूर साताऱ्यात पडतो. फुटांचं तिथं कुणाला काय? तिथली भाषा टीएमसीची. कोयना एकशे पाच टीएमसी, किती भरलं, दरवाजे किती उचलले. कोयनेचं पाणी कऱ्हाडला कृष्णेत उतरतं आणि आमच्याकडं येतं. म्हणून तिथं बाजू पालटतो. "तुम्ही बटण दाबता आणि आम्ही गादी माळ्यावर टाकतो," असं म्हणून आरोपीच समोर बसलाय असं धरून चालतो. सातारकर खूश होतात. जबाबदारी आली की माणूस रुंद होऊन बसतो. त्यातला एखादा ओरडतोच, "आमाला कशाला? अलमट्टीला इचारा!" मग मी कर्नाटकाकडं तोंड करून भांडायला लागतो. तिथून पुढं पाच मिनिटं फुकट मिळतात.

क्लिपमध्ये यातलं काही उरत नाही, ते वेगळं. मोबाइलवर माझं तोंड दिसतं, अंधारातला त्रेचाळीसवाला ऐकू येत नाही. क्लिप बघून सुपारी देणारे मग म्हणतात, "तसंच बोला." तसं मी बोललोच नव्हतो.

पाटण तालुक्यातल्या एका कार्यक्रमात बटणाचा विनोद झाला, हशा झाला आणि मागून एक म्हातारे उभे राहिले. धरणात गाव गेलेल्यांपैकी. म्हणाले, "पावणं, तुमच्याकडं पाणी येतं आन् जातं. आमच्याकडं आलं ते गेलंच न्हाई."

सभागृह कोसळलं. माझ्या कुठल्याच वाक्याला असा हशा पडलेला नाही. मीही हसलो, कारण वेळ त्यांनी अचूक साधली होती. "जातं"नंतर जेवढं थांबायला हवं, तेवढंच थांबले होते.

त्यानंतर ते वाक्य मी सांगलीत घेतो, त्यांचंच आहे असं सांगून. तिथं हशा पडतो, पण अर्ध्यात तुटतो. गादी माळ्यावर टाकणाऱ्यांना एकदम वरचं धरण दिसतं. त्यामुळं ते शेवटी ठेवता येत नाही, लोक तसेच उठून घरी जातील. मध्ये ठेवावं लागतं, आणि त्याच्यामागं त्यांना परत बोलतं करायला किमान दहा मिनिटांचा मजकूर हवा. सध्या तेवढाच लिहितोय. चार मिनिटं झालीत.