लॅटिनचीं आडमुठीं क्रियापदें

लॅटिन भाषेच्या अभ्यासास आरंभ केला म्हणजे पहिलीं कांहीं पानें उत्साहांत उलटतात. पुढें अनियमित क्रियापदांचें प्रकरण येतें आणि भल्याभल्यांचें अवसान गळतें. आमचीही तीच गत झाली. ‘सुम्’ म्हणजे ‘मी आहें’. पण क्रिया पुरी झाली असें दाखविणाऱ्या परफेक्ट काळांत त्याचें होतें ‘फुई’! ‘फेरो’ म्हणजे ‘मी वाहून नेतों’. त्याचें होतें ‘तुली’! एका अक्षराचाही मेळ नाहीं. लॅटिन सोडून द्यावें असें मनानें घेतलें, व संस्कृत घेतलेल्या सोबत्यांचा हेवा वाटूं लागला.

परंतु धीर धरून पाहतां एक चमत्कार दिसून आला. हीं क्रियापदें वर्तमानकाळाच्या अंगापासून होणाऱ्या रूपांतच काय तीं आडमार्गानें चालतात. परफेक्टमधील अंग एकदां हातीं लागलें, कीं त्यांचा सारा हट्ट संपतो. फुई, फुइस्ती, फुइत्, फुइमुस्, फुइस्तिस्, फुएरुन्त्. हेच प्रत्यय ‘तुली’स, हेच ‘पोतुई’स, आणि नियमित क्रियापदांसही हेच! त्याच अंगास ‘एराम्’ जोडिलें कीं ‘फुएराम्’, म्हणजे त्याही पूर्वींचा भूतकाळ. ‘एरो’ जोडिलें कीं ‘फुएरो’, म्हणजे पुढें पुरी व्हावयाची क्रिया. कर्तरि प्रयोगांत या नियमास एकही अपवाद नाहीं. पाठ करावयाचें तें केवळ अंग.

मग हीं अंगें इतकीं भिन्न कां? याचें उत्तर त्या सोबत्यांच्याच पुस्तकांत सांपडलें. ‘सुम्’ हें संस्कृत ‘अस्मि’चें भावंड, तर ‘फुई’ हें ‘भू’ धातूच्या कुळांतलें. संस्कृतांतही ‘अस्’चें परोक्ष भूतकाळीं ‘बभूव’च होतें, पाणिनीनें तसा नियमच सांगितला आहे. ‘फेरो’चें नातें ‘भृ’ धातूशीं, ‘तुली’चें ‘तुला’ या शब्दाशीं. आणि इतक्या दूर तरी कशास जावें? आपण ‘जातों’ म्हणतों, पण ‘गेलों’! एक ‘या’ धातूपासून, दुसरें ‘गम्’पासून. मराठी मूल हें सहज बोलतें. त्यास कोणी अवघड म्हणत नाहीं.

तात्पर्य, परक्या भाषेंतील जो विक्षिप्तपणा आपणांस छळतो, तोच आपल्या जिभेवर बालपणापासून सुखानें नांदत असतो. ओळख पटली कीं भय पळतें. म्हणून धाकट्या बंधूंनीं या प्रकरणाशीं पुस्तक मिटूं नये. आणि घरीं मुलगा ‘फेरो, फेर्रे, तुली, लातुम्’ असें मोठ्यानें घोकूं लागला, तर वडील मंडळींनीं कंटाळूं नये. त्या चार शब्दांत त्या क्रियापदाचें सारें भांडार आहे.