बारीक चौकटी

पिंपळपानाचे क्षेत्रफळ आलेखाच्या कागदावर काढावयास आम्ही वर्गास सांगितले होते. सर्वांचे आटोपले, तरी एक विद्यार्थी पानाच्या टोकाशी चौकटींच्या आणखी बारीक चौकटी पाडीत बसला होता. "उगाच वेळ दवडतोस," असे म्हणून आम्ही त्याची वही मिटविली.

त्याच सायंकाळी नॉर्वेतील स्लाइप्नर या तेलमंचाची हकीकत आमच्या वाचनात आली. हल्ली स्थापत्यकार बांधकामाची आकृति जाळीप्रमाणे लहान तुकड्यांत विभागून प्रत्येकावरील ताण संगणकाकडून काढवितात. या मंचाच्या काँक्रीटच्या पोकळ कोठ्या जेथे एकमेकींस मिळत, तेथेच जाळी विरळ पडली. कातरणारा ताण सुमारे ४७ टक्क्यांनी कमी भरला. भिंती दुबळ्या राहिल्या, आतील सळयाही आखूड पडल्या. २३ ऑगस्ट १९९१ रोजी मंच फियॉर्डच्या पाण्यात उतरविताना भिंत फुटली व तो तळाशी गेला. सुदैवाने मनुष्यहानि झाली नाही. मागाहून बारीक जाळीने गणित केले, तेव्हा भिंत ६२ मीटरांवर फुटावी असे निघाले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरांवर फुटली होती!

सरळ भागी मोठी चौकट चालते. जेथे आकृति वळते, तेथे ती बारीकच हवी. तो मुलगा हेच करीत होता. दुसरे दिवशी आम्ही त्याची वही मागून घेतली, आणि वर्गासमक्ष आपली चूक कबूल केली.