न तुटणारं सूत

भिवंडीत इमारतीकडे मान वर करून बघायची सवय कुणाला नसते. आमचे यंत्रमागांचे कारखाने ठेंगणे. वर पत्रे, भिंतींवर उडालेल्या कापसाचा पांढुरका थर, आणि दर्शनी भाग म्हणाल तर तो आवाजच. वीज गेली की गल्ली ओळखू येत नाही.

बाबांबरोबर मूळजी जेठा मार्केटात कापडाचे नमुने दाखवायला गेलो की परतताना फोर्टातून एक चक्कर व्हायची. महात्मा गांधी रोडवर न्यू इंडिया ॲश्युरन्सच्या इमारतीपुढे ते एकदा थबकले. १९३६ची ही इमारत, मास्टर, साठे आणि भुता या वास्तुकारांची. तळापासून माथ्याकडे धावणाऱ्या उभ्या पट्ट्या. इमारत आहे त्याहून उंच भासावी म्हणून केलेली चलाखी. मला तो मागावरचा उभा ताणा वाटला, आडवा बाणा भरायचाच राहून गेलेला. दाराशी थोराड मूर्ती, आणि ना. ग. पानसरे यांनी घडवलेली कामकरी माणसं: शेतकरी, कुंभार, सूत कातणारी.

विम्याच्या कचेरीवर ही माणसं! बोरीबंदरच्या फाटकावर इंग्रजांनी सिंह आणि वाघ बसवले. इथं, सर दोराबजी टाटांनी १९१९ साली काढलेल्या कंपनीच्या भिंतीवर, घाम गाळणारे हात आले. आत हप्ते आणि फायली, बाहेर नांगर आणि चाक. उद्याची धास्ती खरी कुणाला असते, हे त्या कलावंताला पक्कं ठाऊक असावं. की हा माझाच शहाणपणा? शोभेलाही माणसं कोरतातच की.

बाबांना असले प्रश्न पडले नाहीत. ते बराच वेळ फक्त सूत कातणाऱ्या हातांकडे बघत होते. मागून लोक धक्के देत चालले होते, एक टॅक्सीवाला ओरडून गेला.

"ह्यांचं बरंय," ते म्हणाले. "तार तुटतच नाही."

मागावर ताण्याची तार तुटली की माग थांबवायचा, फणीतून टोक ओढून घ्यायचं, गाठ मारायची, पुन्हा सुरू. पाळीत किती वेळा, ते कुणी मोजत नाही. गाठ बारीक पडली पाहिजे, नाहीतर कापड तपासताना बोट तिथंच अडतं.

बोलता बोलता त्यांनी नमुन्याच्या कडेचे दोन सुटे धागे चिमटीत धरले होते. नजर वर भिंतीवरच होती. खाली अंगठा आणि तर्जनीनं गाठ मारून टाकली, उरलेलं टोक दातानं तोडलं, आणि म्हणाले, "चल, ठाण्याची गाडी चुकेल."