पडक्या चर्चवर नवे छप्पर

स्पेन देशाच्या ईशान्येला कातालोनिया नावाचा प्रांत आहे. तेथील लेइदा शहराच्या भोवतालचा मुलूख शेतकऱ्यांचा. पाऊस बेताचा, पण कालव्याचे पाणी खेळवल्यामुळे सफरचंद, नासपती व पीचच्या बागा दूरवर पसरलेल्या. याच भागात सेग्रे नदीच्या काठी विलानोव्हा दे ला बार्का हे लहानसे गाव वसले आहे.

गावात तेराव्या शतकातले दगडी चर्च होते. १९३६ ते १९३९ या काळात स्पेनमध्ये यादवी युद्ध झाले. १९३८ साली तर लढाईची आघाडी सेग्रे नदीवरच येऊन ठेपली होती. या युद्धातील बॉम्बफेकीत चर्च ढासळले. वेदीकडचा भाग, पश्चिमेची दर्शनी भिंत आणि मधल्या बांधकामाचे काही तुकडे एवढेच उरले. पुढे पाऊणशे वर्षे ते पडिक राहिले.

शेतकऱ्याला सांगायला नको, छप्पर गेले की भिंतीचेही दिवस भरत येतात. पाणी सांध्यांत शिरते, चुना धुपतो, भेगांत झाड रुजते आणि त्याची मुळे दगड सरकवतात. अशा वेळी लोकांना दोनच वाटा दिसतात: सारे पाडून टाकावे, नाहीतर हुबेहूब जुन्यासारखे बांधावे.

येथे तिसरी वाट धरली. उरलेले दगड होते तसे राखले. त्यांवर पांढऱ्या विटांची जाळीदार भिंत उभारली व वर उतरते कौलारू छप्पर घातले. जाळीतून उजेड आत झिरपतो. जुना दगड कोठे संपला व नवी वीट कोठे लागली, हे लहान मुलालाही कळते. २०१६ साली हे काम पुरे झाले आणि चर्चच्या जागी गावाला सर्वांच्या उपयोगाचे सभागृह मिळाले.

फाटक्या गोधडीला ठिगळ लावताना घरची बाई ते लपवीत नाही. गोधडी ऊब देते, एवढे तिला पुरते. युद्धाची जखमही येथे कोणी लपवली नाही.

मंडळी, आपल्या गावातला पडका वाडा किंवा चावडी पाडण्याचा ठराव करण्याआधी जाणत्या गवंड्याला एकवार भिंती दाखवा. वास्तू संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्या. भिंती धड असल्या, तर पहिला पैसा छपरावर आणि पाण्याच्या निचऱ्यावर घाला. वापरात राहिलेली वास्तूच टिकते.