जिन्याने चढावे असे हॉटेल

महागड्या हॉटेलांचा मुंबईत तोटा नाही. विमानतळापासून नरिमन पॉइंटपर्यंत काचेचे मनोरे उभे आहेत. खोल्या लख्ख, गाद्या मऊ, आणि सगळे इतके सारखे की घरी परतल्यावर त्यातले काहीच आठवू नये. मुक्काम मनात राहावा असे ज्याला वाटते, त्याने अपोलो बंदरावर यावे.

जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले. समोरचा गेटवे ऑफ इंडिया तेव्हा नव्हताच; तो पुरा झाला १९२४ मध्ये. हॉटेलचा आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य काम चालू असतानाच वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते तडीस नेले. घुमटाकडे बोट दाखवणाऱ्या मराठी माणसाला वैद्यांचे नाव ठाऊक असायला हवे.

खोली घ्यायची ती या जुन्या वास्तूतच. शेजारचा टॉवर १९७० च्या दशकातला. सोयींत काही उणे नाही, पण तिथे तो जिना नाही. घुमटाखाली, खांबाच्या आधाराशिवाय, भिंतीतून निघून वर वर जाणारा! त्याच्याभोवती मजल्यामजल्यावर सज्जे, आणि सज्जांतून खोल्यांकडे जाणाऱ्या वाटा. लिफ्टने गेलेला पाहुणा अर्ध्या ताजला मुकतो.

वास्तू मात्र पैशाने उभी राहते. आतिथ्य माणसांत मुरावे लागते.

ताजने ते कसे मुरवले, याचा अभ्यास हार्वर्डचे प्राध्यापक रोहित देशपांडे यांनी केला. नोकरीसाठी मुले बरीचशी लहान गावांतून निवडली जात, मोठ्यांचा मान ठेवण्याची सवय त्यांना घरचीच असे. इतर हॉटेलांत वर्षभराचे प्रशिक्षण, इथे दीड वर्षाचे. पाहुणा आणि मालक यांच्यात ओढाताण झाली तर पाहुण्याची बाजू घ्यायची, हीच शिकवण.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी हॉटेलात घुसले आणि या शिकवणीची अग्निपरीक्षा झाली. टेलिफोन ऑपरेटर जागेवर बसून खोल्याखोल्यांत फोन करत राहिल्या : दार लावा, दिवे मालवा, बाहेर येऊ नका. स्वयंपाकघरातली माणसे पाहुण्यांना मागच्या वाटेने नेताना स्वतः पुढे उभी राहिली. हॉटेलात ३१ जण मृत्युमुखी पडले, त्यांतले ११ कर्मचारी होते. अशी निष्ठा कोणत्याही दरपत्रकात लिहिलेली नसते, आणि जुने हॉटेल निवडायचे ते तिच्यासाठीच. जळालेली जुनी वास्तू १५ ऑगस्ट २०१० रोजी पाहुण्यांसाठी पुन्हा उघडली.

खोलीचे भाडे आवाक्याबाहेरचे असेल, तर दुपारी पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजमध्ये चहाला जावे. केक-सँडविचांच्या जोडीला तिथे भेळ आणि शेवपुरीही मिळते. खिडकीजवळचे टेबल मात्र आधी सांगून ठेवा, आणि वर जाताना लिफ्ट घेऊ नका.